सामान पुढे सरकव

घाटमाथा, व्हर्नाचा पेट्रोल पंप
१८ सप्टेंबर १९७१, सकाळ

प्रिय रॉइस,

तुझी जोनी आणि पोरं बरी असतील. ब्रेक थंड करायला तू इथे थांबणारच, म्हणून चिठ्ठी व्हर्नाकडे ठेवतेय.

कॉफी नंतर पी. आधी ट्रेलरचं दार उघड. पाण्याचं पिंप, शेगडी, सरपण, सगळं तू मागच्या कोपऱ्यात कोंबलं असणार. बाबांनी आपल्याला तसंच शिकवलंय ना: जीप जुनी, आखूड, ट्रेलरमध्ये पुढे वजन टाकलं की तिचं बूड बसतं. थोडं बसू दे. पिंप रिकामं कर, बाकीचं चाकांच्या पुढे आण आणि बांधून टाक. शेपूट जड झालं की ट्रेलर डोलतो, आणि एवढीशी जीप त्याला आवरत नाही, तोच तिला फिरवतो.

माथ्यावरूनच खालचा गिअर टाक. तरी डोललाच तर जीपचा ब्रेक दाबू नकोस. ट्रेलरच्या ब्रेकची दांडी हाताने ओढ, तेवढीच.

ताई आता मला गाडी शिकवणार, म्हणशील. म्हण. बाबा चिडतील, म्हणशील. नाही चिडणार.

दुसरी चिठ्ठीही व्हर्नाकडेच आहे. सामान हलवलेलं तिने स्वतः पाहिलं की देईल. हुज्जत घालू नकोस, ती माझ्याहून हट्टी आहे.

तुझी
थेल्मा


रॉइस,

आता बस. जोनीला जवळ बोलाव.

बाबा गेले. काल दुपारी, याच उतारावर. तुम्ही येणार म्हणून तळ्यावरचा मुक्काम आटोपून लवकर निघाले होते. मागच्या ट्रकवाल्याने पाहिलं. ट्रेलर डोलायला लागला, बाबांनी ब्रेक दाबला आणि जीप आडवी झाली. पिंप शेपटाकडेच होतं, काठोकाठ भरलेलं.

हे आधी सांगितलं असतं तर तू तसाच सुसाट खाली आला असतास. ओळखते मी तुला. माझा राग आला तर येऊ दे. मला बाबांचा आलाय, आणि तो काढू कुणावर? आज सकाळी सवयीने त्यांचीही कॉफी ओतली, मग ती तशीच ठेवली.

वळणावर कठडा तुटलेला दिसेल. थांबू नकोस, बघूही नकोस. पोरांना बोलतं ठेव.

पाद्री म्हणत होते, उद्याच माती देऊ. मी सांगितलं, रॉइस आल्याशिवाय नाही. बाबांना आता कुठेही वेळेवर पोचायचं नाहीये. तू हळू ये.

खाली घराच्या फाटकाशी उभी असेन,
थेल्मा