कमी पैशात आशिया, साडूसह

७ जून
आजपासून रोजनिशी. पुढेमागे 'कमी पैशात आशिया' हे पुस्तक लिहिणार आहे, त्याचा कच्चा माल इथे. कोणी वाचू नये. साडूने तर नाहीच नाही.

कारण लिहून ठेवतो. काल साडू आणि मेहुणी जेवायला आले होते. साडूने भात कालवायच्या आधी मोबाइल काढला आणि मागच्या टूरचे फोटो दाखवायला सुरुवात केली. हा माणूस जन्मात कधी स्वतः तिकीट काढून कुठे गेलेला नाही. कंपनीची टोपी घालायची, झेंडेवाल्याच्या मागे मेंढरासारखं चालायचं आणि पॅकेजमध्ये काय काय होतं ते सांगत सुटायचं. मी त्याचं नाव पॅकेज ठेवलं आहे. (मनात.)

तेवढ्यात दोघी बहिणींचं त्या नदीवरच्या सणाचं सुरू झालं. शेकडो होड्या, प्रत्येकीत दिवे. लहानपणी एका कॅलेंडरवर बघितलं होतं, तेव्हापासून घोकतायत. पॅकेज म्हणाला, त्याची टूर निघते, आणि आकडा सांगितला. मी म्हणालो, निम्म्या पैशात चौघांना नेऊन आणतो. पॅकेज हसला. ते हसणं मी विसरणार नाही.

झोपताना बायकोने पुन्हापुन्हा विचारलं, खरंच नेणार ना. म्हणाली, एवढं एक दाखवलंत तर पुन्हा काही मागणार नाही. शब्द दिला. मी शब्द दिला की विषय संपला.

१९ जून
विमानाची तिकिटं काढली. ऐन सणाच्या आठवड्यात, कवडीमोलाने! लोकांना शोधता येत नाही, दुसरं काय. सणासुदीला भाडी चढतात ही पॅकेजसारख्यांनी उठवलेली आवई. पुस्तकात वेगळं प्रकरण.

पॅकेजला कळवलं. म्हणाला, आमची दोघांची आम्ही काढू. त्याच विमानाची काढली, आणि माझ्यापेक्षा बरीच महाग. पोट धरून हसलो. एकटाच.

२ ऑगस्ट
खोल्यांचं बुकिंग झालं. इथेही तेच, दर पडलेले. हात लावीन तिथे सोनं.

बायको सणाच्या तारखेबद्दल काहीतरी विचारत होती. मी तेव्हा ग्रुपवर पॅकेजला उत्तर देत होतो, म्हणून नुसता स्क्रीनशॉट दाखवला. पंधरा ऑक्टोबर, स्वच्छ लिहिलंय. ती म्हणाली, यावर साल कुठे दिसत नाही. बायका कशात काय शोधतील!

१० ऑक्टोबर
सामानाचे नियम जाहीर केले. प्रत्येकी एक पाठपिशवी. चाकांची बॅग आणणारा प्रवासी नव्हे. पॅकेजने ग्रुपवर अंगठा टाकला. उपरोधाने टाकलेला अंगठा मला ओळखता येतो.

१३ ऑक्टोबर
पोचलो. पॅकेजकडे चाकांची बॅग. बोललो नाही. बघितलं फक्त.

विमानतळावरून टॅक्सी म्हणजे चोरांना दान, म्हणून बस. बस बदलून दुसरी बस. दुसरी चुकीची. चुकीच्या बसमुळे शहराचा औद्योगिक भाग बघायला मिळाला, जो कुठलीच टूर दाखवत नाही. मेहुणी उभ्याने आली. पॅकेज तिच्याकडे बघून मोठ्याने उसासे टाकत होता. माझ्यासाठी होते ते.

खोल्या छान. वरच्या मजल्यावर दोन, मध्ये प्लायवूड. बाथरूम खाली अंगणात, म्हणजे व्यायाम आपसूक. पंखा फिरतो पण वारा देत नाही, असं पॅकेज म्हणतो. त्याला पंखाही पॅकेजमधला लागतो. प्लायवूडमधून त्याचं घोरणं ऐकतोय आणि दुपारचे चार वाजलेत.

मालकीणबाई तळमजल्यावर राहतात. आपली भाषा नाही, इंग्रजीही नाही. बायकोने खाली जाऊन खुणेने गरम पाणी मागितलं. गेली ती तासाभराने आली. चहा पिऊन. मी म्हटलं, बिलात लावतील. म्हणाली, नाही लावणार.

१४ ऑक्टोबर
सकाळी बाजार. पुस्तकासाठी 'घासाघीस' या प्रकरणाचं प्रात्यक्षिक. केळीवालीने सांगितलेल्या भावाच्या पाव भावापासून सुरुवात केली. चेहरा निर्विकार ठेवला. ती अर्ध्याच्या खाली येईना, मी वर जाईना. शेवटी तिने माझ्या हातातला घड काढून घेतला आणि मागच्या गिऱ्हाइकाला विकला. ते गिऱ्हाईक पॅकेज होता.

याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा. भाव मी अर्ध्यावर आणून ठेवला होता, त्याने काय केलं? केळी मला देऊ केली. मी खाल्ली नाहीत.

गावात शुकशुकाट. उद्या सण आणि आज एक माणूस होडी उलटी करून आरामात रंग देतोय. शेवटच्या घटकेपर्यंत कामं लांबवायची सवय दिसते. पॅकेज म्हणाला, साडूभाऊ, गर्दी कुठाय? म्हणालो, गर्दी टाळणं यालाच नियोजन म्हणतात.

जेवण: ड्रायव्हर जिथे खातात तिथे खावं, हा माझा जुना सिद्धांत. गाडीवर सूप आणि भात, फार स्वस्त. पॅकेज मेहुणीला घेऊन काचेच्या दारवाल्या हॉटेलात गेला. माझी बायको म्हणाली, मला भूक नाही. मग मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात बसून जेवली म्हणे.

१५ ऑक्टोबर
सणाचा दिवस! पुढची जागा मिळावी म्हणून दुपारीच चौघांना नदीवर नेऊन बसवलं. खाली वर्तमानपत्रं अंथरली. (खुर्च्या भाड्याने घेणारे लोक मूर्ख असतात.)

तिन्हीसांज झाली. नदीत एक होडी. तीत एक माणूस, त्याच्याकडे एक विजेरी. तो मासे धरत होता.

पॅकेजने टाळ्या वाजवल्या. म्हणाला, सुंदर, यापेक्षा स्वस्त सण असूच शकत नाही. मी त्याला झेंड्यामागचं मेंढरू म्हणालो. त्याने मला चिक्कू मारवाडी म्हटलं नाही, त्याहून वाईट शब्द वापरला. मग त्याच्या नोकरीचं निघालं, माझ्या बढतीचं निघालं, त्यांच्या लग्नातल्या मानपानाचं निघालं. मासे धरणारा माणूस होडी घेऊन लांब गेला. बघतो तर वर्तमानपत्रावर आम्ही दोघेच. बायका कधी उठून गेल्या कळलंच नाही.

१६ ऑक्टोबर, सकाळ
हवामानामुळे सण पुढे ढकलला असावा.

१६ ऑक्टोबर, दुपार
पोट बिघडलं. पॅकेजने काचेच्या दारातून काहीतरी जंतू आणले असणार. अंगणापर्यंतचा जिना फार लांब आहे.

खालून बायकांचं हसणं ऐकू येतंय. येता-जाता स्वयंपाकघरात डोकावलो. मालकीणबाई, त्यांची सून आणि आपल्या दोघी, मध्ये कापसाचा ढीग. वाती वळतायत. होडीतल्या दिव्यांना वाती लागतात म्हणे, त्या सुनेला जमेनात, तर आपल्या दोघींनी मांडी घालून धडाधड ढीग घातला. परदेशात येऊन फुकट मजुरी! वर मालकीणबाई हिच्या पाठीवर थाप मारतायत.

मी विचारलं, सण कधी आहे ते तरी विचार त्यांना. हिने मान वर न करता भिंतीकडे बोट केलं. कॅलेंडर होतं. तेवीस तारखेवर पूर्ण चंद्र काढलेला आणि भोवती लाल गोल.

आमचं परतीचं विमान एकोणीसला.

मी म्हणालो, वेबसाइटवर पंधरा होती. बायको म्हणाली, "ती दोन वर्षांपूर्वीची. आपले सण तरी दर वर्षी एकाच तारखेला येतात का?"

वर येऊन पडलो. पोट अजून तसंच.

१७ ऑक्टोबर
रात्रभर विचार करून निष्कर्ष काढला. चूक वेबसाइटची. शिवाय चंद्रावर सण ठेवणाऱ्या लोकांशी नियोजन करून चालत नाही. पुस्तकात प्रस्तावनेतच धोक्याची सूचना देणार.

पॅकेजचं तोंड आज सुरूच होतं. स्वस्त विमान का होतं ते कळलं ना, स्वस्त खोल्या का होत्या ते कळलं ना. मी म्हणालो, तूही शहाणा इतका तर तारीख का नाही बघितलीस? म्हणाला, तुम्ही बघितली म्हणून नाही बघितली, टूर कंपनीने बघितली की मी बघतो का? हा त्याचा युक्तिवाद! दुसऱ्याच्या जिवावर जगायची सवय.

मेहुणीने दोघांना एक वाक्य ऐकवलं, ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी बायकोला म्हणालो, सण काय, पुढच्या वर्षी बघू. पूर्वी असं म्हटलं की भांडायची. आज पोळीचं पीठ मळावं तसे कपडे दाबून धुतले आणि दोरीवर टाकले. मला ते आवडलं नाही.

१८ ऑक्टोबर
कट उघडकीला आला.

दोघी बहिणी राहतायत. मालकीणबाईंनी त्यांच्या घरच्या होडीत जागा दिली आहे. वातींची कमाई. दोनच जागा. हिने स्वतःच्या पैशाने परतीचं नवं तिकीट काढलंय, मला न विचारता. केळीवाल्या चौकातल्या एजंटाकडून! मी विचारलं, घासाघीस केलीस का? म्हणाली, त्यानेच कमी केले.

आणि ऐका पुढे. पॅकेजची दोन्ही तिकिटं म्हणजे बदलता येणारी. म्हणून महाग होती. मेहुणीचं फुकटात बदललं. आमची न बदलणारी. जूनमधलं हसू परत घ्यावं लागलं, तेही पॅकेजसमोर.

मला वाटलं, ही माझ्यावर रागावली असेल. तसंही नाही. माझी पिशवी स्वतः भरून दिली, पोटाच्या गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवल्या, घरी दूधवाल्याला काय सांगायचं ते सांगितलं. तेव्हा माझं डोकं फिरलं असावं. म्हणालो, मीही राहतो. तिकीट वाया जाऊ दे. नवं काढतो. होडीत जागा नसेल तर नसू दे, मी काठावर उभा राहून बघेन.

ही गोष्ट माझ्या तोंडून पंचवीस वर्षांत कोणी ऐकलेली नाही. मला वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल.

ती पिशवीची चेन लावत म्हणाली, "नको. तुम्ही राहिलात की तेही राहतील. काठावर दोघं भांडाल, आणि मला होडीत ऐकू येईल. एवढं एक मला शांतपणे बघू द्या."

आवाज चढलेला नव्हता. भाजी काय करू विचारावं तसं बोलली. मी म्हणालो, बरं. आणि खाली बाथरूमला जाऊन आलो, पोट ठीक असताना.

१९ ऑक्टोबर
विमानतळाची बस. या वेळी बरोबर. बायकोने मालकीणबाईंकडून नंबर लिहून आणला होता.

दोघी दारापर्यंत आल्या. हात हलवला आणि लगेच आत गेल्या, बहुतेक चुलीवर काहीतरी होतं. गावाला आता रंग चढलाय. प्रत्येक दारात होडी, बाजारात चालायला जागा नाही. कालच खोल्यांचे दर तिप्पट झाले म्हणे. आमच्या दोन्ही खोल्या दुसऱ्यांना दिल्या, दोघी मालकीणबाईंकडे खाली झोपणार.

बस खचाखच भरून गावात येतेय आणि रिकामी परत जातेय. रिकाम्या बसमध्ये दोन प्रवासी, मी आणि पॅकेज. एवढ्या जागा असताना तो माझ्याच बाकावर येऊन बसला. चाकांची बॅग पायाशी. पूल ओलांडला तेव्हा खाली नदीत होड्या रांगेत लावत होते. दोघांनीही बघितलं.

करमत नाहीये. लिहून टाकतो, कोण वाचतंय.

पूल मागे पडल्यावर पॅकेजने विचारलं, तुम्ही का नाही राहिलात? मी म्हणालो, माझं तिकीट बदलता येत नाही ना. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझंही."

त्याच्याकडे बघितलं. तो बघेना.

मी म्हणालो, हो रे, हल्ली सगळ्याच कंपन्या चोर झाल्यात.