हातभर बिजागऱ्यांचं गिऱ्हाईक

ती. मामांस,

लांबूनच पाया पडतो. तुमचा गुडघा वाकतो का आणि मामीच्या डोळ्याची पट्टी सुटली का, ते कळवा. माझी तब्येत उत्तम आहे, कारण ती विचारायला इथं कुणाला फुरसत नाही. तुम्ही शब्द टाकून लावलेल्या नोकरीला मी लाथ मारणार आहे. रागावण्याआधी ऐकून घ्या.

आमच्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. पूर्वी ऑर्डर आली की फोरमन ती मशिनींच्या मधोमध उभा राहून मोठ्यानं वाचायचा. काही वेडंवाकडं असलं की सगळे हसायचे, मग तो गिऱ्हाइकाला फोन करून शुद्धीवर आहात ना, म्हणून विचारायचा. (आमची तपासणी ती एवढीच, पण कधी चुकली नाही.) आता वाचणं बंद, हसणं बंद, ऑर्डर थेट मशिनीपुढच्या स्क्रीनवर. दिसेल ते करायचं, डोकं चालवायचं नाही, असं मालकांनी फोरमनला चारचौघांत सुनावलं. तेव्हापासून तो तोंडात गुळणी धरून आहे.

कॉम्प्युटरवाला साहेब शिकवायला आला (टाय इतका घट्ट, की डोक्यात रक्त जात नसावं) तेव्हा सगळे मागं सरकले आणि पुढं मी उरलो. शाळेत कधी पुढं बसलो नाही, त्याचा हा सूड. नमुन्याची खोटी ऑर्डर भर, म्हणाला. माप? मी म्हटलं, हातभर. नग? एक आकडा टाकून मी शून्य दाबलं. बोट उचलेपर्यंत शून्यं पडत राहतात, हे कुणी सांगितलं होतं? पत्ता विचारला, तोही भरला. खोटी ऑर्डर पुसायची कशी, हे तो जेवणानंतर शिकवणार होता. पण मालक त्याला जेवायला घेऊन गेले, ते दोघं त्या दिवशी परत आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी बघतो तर हातभर बिजागऱ्या पडताहेत. हत्ती जाईल असल्या दाराच्या! मी फोरमनकडे धावलो.

"स्क्रीनवर आहे, बाळा," तो म्हणाला. "मी डोकं चालवत नाही."

पत्रा संपला तेव्हाच मशीन थांबली. मालकांनी तिघांना उभं केलं. साहेब म्हणाला, सिस्टीमनं सांगितलं तेच केलं. फोरमन म्हणाला, मीही. उरलो मी. गिऱ्हाईक खोटं निघालं तर घरचा रस्ता धर, असा हुकूम सुटला. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. असल्या ठिकाणी मानी माणूस राहत नाही. बोचकं बांधून तयार आहे.

तुमचा,
भाचा

ता. क. बोचकं सोडलं. आईला मी कॉम्प्युटर खात्यात असल्याचं कळवून बसलोय.

आणखी ता. क. मला पाठ असलेला पत्ता एकच, तुमचा. ट्रक निघाला आहे. माल तुम्हीच मागवला का, असं ड्रायव्हर विचारेल. मामा, हो म्हणा आणि सही करा. बिलाचं मागाहून बघू. तुमच्या घराला दारं दोन आणि त्यातलं एक पडदा, हे मला ठाऊक आहे. ते बघून ड्रायव्हर हसला, तर हसू द्या. कारखान्यात आता तेवढी सोय राहिलेली नाही.