मामंजींचं दुसरं मृत्युपत्र आणि माझं पहिलं वैधव्य

त्या सकाळी गोठा झाडून, दोन कळश्या पाणी आणून मी पायरीवर शेंगा सोलत बसले होते. आत मामंजी खाटेवरून कारकुनाला मृत्युपत्र सांगत होते आणि मध्येच मला दटावत होते, "अगं, टरफलं दारात उडतायत." वरचं शेत थोरल्याला, खालचं शेत आणि त्याला लागून असलेलं घर धाकट्याला, आणि भांडू नका. एवढं सांगायला दोन तास लागले, कारण कारकुनाचं पेन झरत नव्हतं. वन्सं, तुम्ही तेव्हा तुमच्या सासरी होतात, म्हणून आधी हे लिहिलं आणि नमस्कार मागे पडला. तो आता घ्यावा. तुमचे गुडघे काय म्हणतात? यजमानांचा मोतीबिंदू काढला का? मी बरी आहे. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी हात अजून दोघांचाच स्वयंपाक करतो, आणि उरलेलं मी दुसऱ्या दिवशी खाते. असो.

मामंजी त्यानंतर वर्षभराने गेले, त्यालाही सहा वर्षं झाली. आणि आता तुमच्या थोरल्या बंधूंना त्यांच्या ट्रंकेत दुसरं मृत्युपत्र सापडलं आहे. (ती ट्रंक दर उन्हाळ्यात मीच रिकामी करून उन्हात ठेवते. आजवर तिच्यात झुरळांखेरीज कुणी वारसा ठेवलेला नव्हता.) पहिल्यानंतर दोन महिन्यांनी केलेलं, आणि त्यात दोन्ही शेतं थोरल्याला. नंतरचं मृत्युपत्र असलं की आधीचं रद्द होतं म्हणे, म्हणून त्यांनी दावा लावला. खाली दोन साक्षीदार. त्यातला एक शिंपी, तो वारला. दुसऱ्याचं पुढे लिहिते.

माझ्या वकिलांना सगळं कोर्ट 'तारीखवाले' म्हणतं, कारण तारीख मागण्यापलीकडे त्यांना कुणी काही मागताना पाहिलेलं नाही. त्यांनी कागद वरून चाळला आणि म्हणाले, "बाई, पक्कं दिसतंय. घर पदरात पाडून घ्या, शेत सोडा." कोर्टाबाहेर बाकावर तुमचे बंधू माझ्याशी फार मायेने बोलले. "एकट्या बाईला शेत झेपतं का? मी काय परका आहे?" मी म्हटलं, दादा, परक्याने निदान कुंपणावरून उडी मारून चोरी केली असती.

मग मी तो कागद मागून घेतला. तुम्हाला ठाऊक आहे, मी शाळेत गेले नाही. वाण्याच्या पुड्या सोडवून वाचायला शिकले. ज्यांना वाचन फुकट मिळालं ते ओळी गाळतात. मला एकेक अक्षर घाम गाळून मिळालं, मी काहीच गाळत नाही. वकील जिथे उडी मारून सहीपाशी जातात, तिथे खालच्या शेताच्या चार बाजूंना काय आहे ते लिहिलेलं असतं. तेही मी बोट ठेवून वाचलं. पूर्वेला ओढा. उत्तरेला रस्ता. पश्चिमेला शिंप्याचा मळा. आणि दक्षिणेला, 'मयत धाकट्या मुलाच्या विधवेचे राहते घर.'

मी तीनदा वाचलं. मग जागेवरून उठून न्यायाधीश साहेबांना म्हणाले, मला एक ओळ वाचायची आहे. तारीखवाले माझा पदर ओढून खाली बसा म्हणत होते. मी वाचली. म्हटलं, साहेब, ज्या दिवशी हे लिहिलं म्हणतात, त्या दिवशी माझा नवरा जिवंत होता. त्यानंतर चार वर्षं तो जेवला, भांडला, घोरला, त्याने दोनदा छप्पर शाकारलं. मामंजी रागीट होते, पण सुनेला चार वर्षं आगाऊ विधवा करण्याइतके नव्हते.

शिरस्तेदार खाली बघून खोकला. साहेबांनी ह्यांच्या मृत्यूचा दाखला मागवला. तुमच्या बंधूंच्या वकिलांनी पुढची तारीख मागितली, तेव्हा आमचे तारीखवाले दुखावलेले दिसले. (अलीकडच्या कुठल्या तरी कागदावरून शेताचं वर्णन जसंच्या तसं उतरवलं असणार. खोटं लिहायलाही वाचावं लागतं.) मी कुणाला भीत नाही, हे तुमच्या बंधूंना कळवलं तरी चालेल.

तुमची धाकटी भावजय

ता. क. वर भीत नाही लिहिलं ते खोटं आहे. घरी येताच आधी दाराला आतून कडी लावली. आणि ती ओळ वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, ती चार वर्षं कुणीतरी कागदावरून पुसली. शेताआधी मला ती परत हवी आहेत.

ता. क. दुसरा. दुसऱ्या साक्षीदाराची सही तुमची आहे. मी ओळखते. दादांनी "नुसती सही कर" म्हटलं असेल आणि तुम्ही चष्मा शोधायचा कंटाळा केला असेल. मी माझ्या बाजूने बोला म्हणत नाही. पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला या आणि ही सही कधी केली तेवढं सांगा. उतरायला माझ्याकडेच या. बंधूंकडे उतरलात तर मी राग धरीन.

ता. क. तिसरा. दावा चालू आहे तोवर शेताला हात लावू नका, असा निरोप बंधूंनी पाठवला होता. कोर्टाने तसं काही म्हटलेलं नाही, मी सगळे कागद वाचले आहेत. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचे बैल मागून आणले आणि खालचं शेत नांगरलं.