सुनीताने आणलेले वडील

नांदेड, मंगळवार

मी एका बापाचा अपमान केला होता, हे आज त्याच्या मुलीकडून कळलं, म्हणून लिहिते आहे.

कॉलेजात विषय बदलायच्या अर्जावर वडिलांनी समोर येऊन सही करायची, हा प्राचार्य म्हणून मीच केलेला नियम. उद्या शेवटची मुदत. देगलूरच्या सुनीताने वडील म्हणून भलताच माणूस आणला. मला शंका आली, म्हणून मी सगळ्यांदेखत त्याला मुलीची जन्मतारीख विचारली. तो गडबडला. "मी शेजारी हाय, मॅडम. पोरीनं लई हातापाया पडून आणलं."

मी सुनीतावर ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "मागं बाबा आले तवा तुम्ही म्हणलात, अर्ज मोठ्यानं वाचा. त्यांना वाचता येत न्हाई. सही न करताच परतले. देगलूर येईपर्यंत एसटीत बोलले न्हाईत ते. आता न्हाई आणणार मी त्यांना."

मोठ्यानं वाचा. हो, म्हणाले होते. न वाचता सही करू नये म्हणून. घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणारी मुलं माझ्याकडे येतात, हे मी भाषणांत सांगते. मग त्यांच्या आई-बापांचं काय समजत होते मी?

वडिलांच्या सहीचा रकाना खोडून तिथे मी सही केली. पाच वाजता मंजूर अर्ज सुनीताच्या हातात दिला. तिच्याजवळ बाबांसाठी माफीचा निरोप द्यायचा होता. तो दिला नाही.