मशीनच्या डोळ्यावरचं कुंकू

मु. कबनूर
ता. ३ फेब्रुवारी १९८७

बाळासोच्या बापास शालूचा नमस्कार.

आम्ही बरं हाय. गडमुडशिंगीत बहिणीकडं तुमची आबाळ न्हाय नव्हं? जामिनावर सोडलं, पण केस संपस्तवर कबनुरात पाय ठेवायचा न्हाय, हा कसला न्याय! म्हैस आटली. शेजारी बोलत न्हाईत. न बोलंनात.

वकील येऊन गेला. मालकांनी कोर्टात तुमचं नाव घेऊन सांगितलंय म्हणं, "गाठी दाबायचा प्रेस खाली यायचा निर्णय मशीनचा. ते डोळ्यानं बघतंय, आत माणूस दिसला की थांबतंय. केरबानं डोळा बुजवला, त्याला आम्ही काय करणार?" मी म्हटलं, मग मशीनलाच घाला की बेड्या! वकील हसला. मला हसू आलं न्हाय.

कापडाच्या गाठी दाबताना आधी तुमी दांड्यावर असायचा. "हात?" म्हणून ओरडायचा. आकाराम "बाहेर!" म्हणाला की मगच दांडा ओढायचा. नवं मशीन आलं आन् मालकांनी तुमाला गाठी वाहायला लावलं. मशीन कुठलं ओरडतंय? आकाराम आत वाकला आन् ते खाली आलं.

काल चिमणाबाईकडं गेलते. तिचा आकाराम गेल्यावर पहिल्यांदाच. सगळं सांगायचं ठरवूनच गेलते. म्हणणार हुते, बाई, खंडेनवमीला मशीनच्या पूजेत त्या काचेवर ओलं कुंकू तू थापलंस. मी हळदीचं ताट धरून शेजारीच हुते. तुला तो दिवा वाटला, पण तो त्याचा डोळा. पूजेचं कुंकू पुसायचं न्हाय म्हणून दसऱ्यानंतर बी तसंच राहिलं. माझा माणूस तुझा गुन्हा अंगावर घेऊन बसलाय.

तिनं बस बी म्हटलं न्हाय. "डोळा बुजवताना तुझ्या माणसाचा हात कसा झडला न्हाय गं?" म्हणाली. मी तिच्या कपाळाकडं बघितलं. पांढरंफटक. तुमाला घातलेल्या शिव्या ऐकल्या आन् माघारी आले.

'कुंकू मीच थापलं' असं तुमी पोलिसांपुढं का खोटं बोललासा, ते तवा कळलं.

पण खोटं बोलायची बी अक्कल लागते. आपल्यात मशीनला कुंकू बायका लावतात, गडी नारळ फोडतात. उद्या कुणीतरी हे बोलणार, आन् मग तिच्यापत्तर जाणार. त्या आधी मीच पिंजऱ्यात उभी राहून सांगणार, कुंकू मी लावलं. जज्जसायबाला एवढंबी विचारणार, दांड्यावरचा माणूस काढायचं मशीननं ठरवलं व्हय?

आत घातलं तर घालू देत. भाकरी बाळासोला येते, कोरड्यास शिकवून ठेवलंय.

तुमी कोर्टात मधी बोलू नका. तिच्या नवऱ्याचं रक्त तिच्या हाताला लागलंय, हे तिला मरस्तवर कळायचं न्हाय. हे पत्र चुलीत घाला.

तुमच्यासारखीच खोटारडी,
शालू