ईस्टरचं जेवण मीच रांधणार

५ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलायला लागलो की शेजारी खिडक्या उघडतात, म्हणून पत्रच बरं. मी ठीक आहे. गुडघा सोडला तर सगळं जागच्या जागी आहे.

आता मुद्द्याचं. मी एक घोळ घालून बसलोय. मागच्या आठवड्यात गॅसवर दूध ठेवलं आणि मागच्या खोलीत रंधा मारायला बसलो. लाकूड झकास होतं, हात लागला आणि दूध साफ विसरलो. नेमकी तेव्हाच लेक आली. पातेलं काळं ठिक्कर, घरभर धूर, आणि मी आपला भुशात बसून शीळ घालतोय. तिने रडून घर डोक्यावर घेतलं. भावाला बोलावलं. दोघांनी माझ्यादेखत ठरवूनच टाकलं की बाबांनी हे घर बंद करायचं आणि थोरल्याकडे राहायला जायचं. त्याच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी एक खोली आहे म्हणे. खोली कसली, कपाटच ते. आणि तिथे रंधा चालणार नाही, खालच्यांना आवाजाचा त्रास होतो.

माझं डोकंच फिरलं. ही गेली त्याला अजून वर्ष व्हायचंय, आणि हे मला सामानासारखे उचलून न्यायला निघाले. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी म्हणालो की यंदाचं ईस्टरचं जेवण मी एकटा रांधतो, टेबलही मीच मांडतो. जमलं तर घर सोडायची गोष्ट कुणी पुन्हा काढायची नाही. नाही जमलं तर मुकाट्याने गाडीत बसेन. थोरला लगेच कबूल झाला. बँकेतला साहेब तो, तोट्याचा व्यवहार करतोय कशाला! त्याला माहीत आहे की बापाने जन्मात अंडंसुद्धा उकडलेलं नाही.

आक्का, तू इस्पितळाच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढलास. आता मला तूच लिहून पाठव. काय, किती, केव्हा, सगळं. मी सुतार माणूस. नकाशा हातात दे, त्यात एका सुताचा फरक होणार नाही.

लोभ आहेच, त्याला वाळवी लागू देऊ नकोस.

तुझा,
ठोक्या

११ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले आणि मग कपाळाला हात लावला. लहानपणी घरातल्या प्रत्येक खुर्चीत खिळे ठोकून ठेवायचास, तसाच आहेस अजून. हात दाखवून अवलक्षण! पण बोललास ते बोललास, आता माघार घ्यायची नाही. कंबर कस.

बेत साधा ठेव. वाटाण्याचं सूप, मटणाची अख्खी तंगडी भट्टीत भाजलेली, तिच्याखाली बटाटे, रंगवलेली अंडी आणि शेवटी पुडिंग. बेकरीतून पाव आणलास तर कुणी फाशी देणार नाही. तंगडी खाटकाकडून आदल्या दिवशी आण आणि ठेचलेला लसूण, मिरे, लिंबाचा रस आणि तेल चोळून रात्रभर झाकून ठेव. सकाळी उपासनेहून आलास की भट्टी तापव. आधी मोठी आच, वरून लाल दिसली की मंद. बटाटे आणि कांदे तंगडीखाली पसर म्हणजे सुटलेला रस ते पितील. मध्ये मध्ये तोच रस पळीने मांसावर सोड. सुरी टोचल्यावर लाल पाणी आलं नाही की झालं. सूप आणि पुडिंग वेगळ्या कागदावर लिहिलंय, नीट वाच.

एक गोष्ट बजावते. चव बघायला पळी तोंडाला लावायची नाही. माझ्या हाताखाली जो असं करायचा, त्याला मी दंडाला धरून बाहेर काढायचे. आपण सगळ्यांना वाढून झाल्यावर खायचं.

माझं म्हणशील तर फार सुखात आहे. सून सोन्यासारखी आहे. मी जागची हलले की हातातलं भांडं काढून घेते आणि आई तुम्ही बसा म्हणते. मग मी बसते. काल दिवसभर खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे वाळताना पाहिले. छान वाळले.

मला कळव काय काय जमतंय ते. माझी माया मंद आचेवर आहे, उतू जायची नाही.

तुझी,
आक्का

२४ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझे दोन्ही कागद भिंतीला बारीक खिळ्यांनी ठोकलेत, ओट्याच्या बरोबर वर. रोज वाचतो. पाठ झालेत.

तालीम चालू आहे. अंडी जमली. पहिली फुटली, दुसरी आत कच्ची राहिली, तिसऱ्या खेपेला अशी झाली की खाटकालाही एक नेऊन दाखवलं. तो म्हणाला की सुतारकाका, तुम्ही धंदा बदला. कांद्याच्या सालींत उकडली की तांबडा रंग कसा येतो ते पाहून मी चक्रावलोच. असलं पॉलिश मला आयुष्यभर मिळालं नाही. पुडिंग दोनदा बसलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं. उपवासकाळात मटण खायचं नाही, म्हणून भट्टीची आच भोपळ्यावर शिकलो. मोठे तुकडे केले, तू लिहिलंस तसं सगळं चोळलं, भाजलं आणि लोणच्याबरोबर खाल्लं. सलग चार दिवस भोपळा. आता भोपळ्याचं नाव काढू नकोस.

लेक रोज फोन करते. मदतीला येऊ का विचारते, आणि मी नको म्हटलं की नाक ओढते. थोरल्याने काल सांगितलं की ईस्टरला तो गाडीऐवजी टेम्पो घेऊन येणार आहे, सोबत रिकामी खोकी. म्हणाला, आलोच आहोत तर जेवण झाल्यावर थोडं सामान बांधू. पैजेचं विचारलं तर हसला, म्हणाला हो बाबा, पैज आहेच की. आक्का, ते हसणं माझ्या फार जिव्हारी लागलं. लहान मूल पतंगावर बसून चंद्रावर जाईन म्हणालं की आपण हसतो ना, अगदी तसं.

आता टेबलाचं विचारतो. टेबल तेच, आमच्या लग्नाच्या वेळी मी केलेलं. घासून नवीन वॉर्निश दिलंय. माणसं सहा. थोरला, सून, नात, लेक, जावई आणि मी. खुर्च्याही सहाच. पण त्यातली एक हिची आहे. ती रिकामी ठेवू आणि मी स्टूल घेऊ का? तिच्यापुढे ताट मांडायचं का? रोज ती खुर्ची सरकवतो आणि पुन्हा होती तिथे ठेवतो. या एका गोष्टीचा नकाशा माझ्याकडे नाही.

लवकर लिही. लोभाची फळी तशीच भक्कम राहू दे.

तुझा,
ठोक्या

२९ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

हे पत्र लगेच टाकते आहे, म्हणजे वेळेत पोचेल.

रिकामी खुर्ची अजिबात ठेवायची नाही. रिकाम्या खुर्चीसमोर माणसं जेवत नाहीत, रडतात. आणि रडक्या पोरांना बाप हमखास दुबळा दिसतो. वहिनीच्या खुर्चीत तू बस. ती स्वयंपाकघराच्या दाराजवळ आहे, वाढणाऱ्याला तीच लागते. उगाच नव्हती ती तिथे बसत. तुझी टोकाची मोठी खुर्ची जावयाला दे, तो खूश होईल.

धुतलेली चादर इस्त्री करून टेबलावर घाल. ताटं काठापासून अंगठाभर आत. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, पेला सुरीच्या टोकाशी. अंडी मधोमध टोपलीत. फुलं ठेवलीस तर बुटकी ठेव, समोरचं तोंड दिसलं पाहिजे. बाकी काही मांडू नकोस, गर्दी होते.

आणि आता नीट ऐक. माझं घर बंद केलं ना, त्या दिवशी मीही सगळ्यांना जेवायला घातलं होतं. काय कौतुक केलं रे! आई, तुमच्या हाताला काय चव आहे, असं प्रत्येक घासाला. मी फुगले. हात धुऊन बाहेर आले, तर माझं भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली चाललं होतं. तेव्हा गोड बोलण्याला भुलू नकोस. मी भुलले, आणि आता गच्चीवरचे कपडे मोजते.

ही एवढी एक गोष्ट करून दाखव. तुझ्यासाठी कर, आणि थोडी माझ्यासाठीही कर.

तुझी,
आक्का

७ एप्रिल

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

आधी हे सांग, तुझ्या इस्पितळात मीठ नावाचा पदार्थ होता की नव्हता?

पहाटेच्या उपासनेहून आलो आणि पदर नाही म्हणून लुंगी खोचली. तंगडी अशी लाल झाली की मीच तिच्याकडे बघत राहिलो. टेबल तू सांगितलंस तसं मांडलं, ताटं काठापासून अंगठाभर आत. मंडळी आली. सून दारातच थांबली आणि टेबल न्याहाळू लागली. लेकीने डोळे पुसले. टेम्पो खाली उभा होता आणि खोकी जिन्यात.

मी हिच्या खुर्चीत बसलो. आक्का, चाळीस वर्षं त्या टेबलावर जेवलो, पण तिथून काय दिसतं ते मला ठाऊक नव्हतं. टोकाच्या खुर्चीतून फक्त आपलं ताट दिसतं. हिच्या खुर्चीतून सगळ्यांची ताटं दिसतात. कोण काय बाजूला सारतंय, कुणाचा पाव संपला, सगळं.

सूप वाढलं. वा बाबा, म्हणाले. तंगडी कापून वाढली. काय झालंय बाबा, हॉटेलात मिळणार नाही असं, म्हणाले. थोरला सगळ्यात मोठ्याने म्हणाला. नात काहीतरी बोलायला गेली तर सुनेने तिला कोपराने ढोसलं. जावई पाण्याचा तिसरा पेला प्यायला. आणि ताटात मांसाचे तुकडे नुसते इकडून तिकडे फिरत होते. मग मी पहिला घास घेतला.

अळणी! ठार अळणी. तंगडी अळणी, बटाटे अळणी, सूप तर कोमट पाणी. तुझे कागद आठवले, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि त्यात मीठ कुठेच नव्हतं. लक्षात आलं. तुमच्या इस्पितळात पथ्याचं जेवण, ज्याला डॉक्टर परवानगी देईल त्याच्या ताटात मिठाची पुडी वेगळी. तुझ्या हाताला सवयच नाही. आणि मी अतिशहाणा, नकाशात नाही तो खिळा मारायचा नाही म्हणणारा. भोपळ्याच्या वेळी कळायला हवं होतं, तर तेव्हा लोणचं होतं.

पण मला लाज त्याची वाटली नाही. मला राग आला तो त्या कौतुकाचा. ही असताना भाजीत जरा मीठ कमी पडलं तर हेच थोरले साहेब ताट पुढे ढकलून तोंड वाकडं करायचे. आज सगळे मूग गिळून गप्प. का? तर म्हाताऱ्याला कशाला दुखवा, नाहीतरी तासाभरात खोकी भरायचीच आहेत. तुझं कपाट जिन्यावरून उतरताना मला दिसलंच.

मी उठलो. म्हणालो की जेवणात मीठ नाही, हे सांगायला एकालाही तोंड नव्हतं का? कुणी हलायचं नाही. पाव खायचा नाही, अंडी फोडायची नाहीत. आणि सगळी ताटं उचलून आत नेली. लेक मदतीला उठली, तिला बसवलं. सगळं मांस पातळ कापलं, तव्यात त्याचाच रस घेतला, मीठ घातलं आणि उकळत ठेवलं. बटाटे फोडून त्यात टाकले. सुपाला पुन्हा कढ आणला. आणि तुझी माफी मागून सांगतो, पळी तोंडाला लावली. एकदा नाही, दहा वेळा लावली. बाहेर पोटात कावळे ओरडत होते. थोरल्याने दोनदा हाक मारली की बाबा राहू द्या, आम्ही बाहेरून मागवतो. मी आतूनच सांगितलं की मागवून तर बघ!

पुन्हा वाढलं तेव्हा कुणी वा म्हणालं नाही. कुणी बोलतच नव्हतं, आक्का, जेवत होते. नातीने चाटून ताट स्वच्छ केलं. मग सून म्हणाली की बटाटे दोन-चार अजून कच्चे आहेत. लेक म्हणाली की मिरे जरा जास्त झालेत. थोरल्याने ताट पुढे केलं आणि तोंड वाकडं करून म्हणाला की रस कमी केलात, पावाला पुरत नाही. त्याचं ते वाकडं तोंड बघून मला इतका आनंद झाला की काय सांगू. ही गेल्यापासून या पोरांनी माझ्याकडे पहिल्यांदाच कसली तरी तक्रार केली. मी उठून त्याला आणखी रस आणून वाढला.

बाकी तुझा गुन्हा मोठा आहे आणि शिक्षा ठरली आहे. सामान बांध आणि महिनाभर इथे ये. लेकाला सांग, भावाला स्वयंपाक शिकवायचा राहिलाय. ओटा तुझा, भट्टी तुझी, मी भांडी घासेन. मागची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवलीय, भुसा मात्र थोडा येतच राहील.

आता शेवट सांगतो. पुडिंग झालं, अंडी फोडून झाली, मंडळी निघाली. पैजेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. थोरला जिन्यात गेला, त्याने खोकी उचलली आणि एकेक करून पुन्हा टेम्पोत टाकली, सगळी रिकामी. मग परत वर आला. दारात उभा राहून चपलेकडे बघत म्हणाला की बाबा, निघतो आम्ही, गॅस बघा आणि दाराला आतून कडी लावून घ्या.

मी कडी लावली. आणि त्याच दाराला पाठ टेकून पोटभर रडलो. हिच्या प्रेतापुढे नव्हतो रडलो मी, तुला आठवत असेल.

माया धरून आहेस, तशीच धर.

तुझा,
ठोक्या