गेटवरचा वास

बारामती,
१४ सप्टेंबर १९९७

ती. तुळसाक्का हिला रविंद्रचा सविनय जयभीम.

इकडं सगळं ठीक आहे. हे खोटं आहे, पण पत्राला पहिली ओळ लागते. तुझे गुडघे कसे आहेत? आमची मेघना चपात्या लाटायला शिकली. आकारावरून तालुका ओळखायचा. कालचा इंदापूर होता.

आपल्या धाकट्या श्रीपतीची नोकरी गेल्या दिवाळीआधीच गेली. तुला सांगितलं नव्हतं. दारू सुटून दोन वर्षं झाली होती, तरी कारखान्याच्या गेटवर वॉचमन रोज त्याचं एकट्याचं तोंड हुंगायचा. कॅन्टीनमध्ये कप वेगळा. आपल्या आबांचाही वेगळा असायचा, पण त्याविरुद्ध निदान कायदा तरी आला. मालक रोज क्लबात बसतात. त्यांना हुंगायला माणूस नेमलेला नाही.

एके सकाळी वास आला आणि चौकशी न करता त्याला काढलं.

वकील म्हणाले, "अपंगांसाठी नवा कायदा झालाय, त्यात वेडाचं नाव आहे, व्यसनाचं नाही. चौकशी केली नाही, यावर लढू. पण वास कशाचा होता, ते कोर्टाला सांगावं लागेल."

श्रीपती तोंड उघडेना. फार खोदल्यावर म्हणाला, "दादा, नोकरी गेली तर जाऊं दे. आक्काचं नाव कोर्टात घ्यायचं न्हाय. जीव देईल ती."

आता तुझ्या ध्यानात आलं असेल. अशक्तपणावर म्हणून तू निरवांगीहून आणलेलं द्राक्षासव. त्याला दारूचा वास येतो, हे तुला कुणी सांगितलं होतं? आणि तू दिलेलं नको म्हणायला त्याला जन्मात जमलं नाही. जीव बिव देऊ नकोस. तेवीस तारखेला कोर्टात उभी राहा आणि बाटली मी दिली, एवढंच सांग. परत कामावर घेण्याची तेवढीच आशा आहे.

अजून एक. गेल्या आठवड्यापासून तो खरंच प्यायला लागलाय. मी ओरडलो तर म्हणतो, "वर्षभर फुकाट बदनाम व्हतो. आता हुंगा म्हणावं."

पिऊन कोर्टात आला तर सगळं संपलं. मला तो जुमानत नाही. तुझ्यासमोर मात्र त्यानं कधी घेतली नाही. म्हणून आदल्या दिवशीच ये, आणि सकाळपर्यंत त्याच्याजवळून हलू नकोस.

त्याला दिलेला शब्द मोडून लिहिणारा,
तुझा भाऊ
रविंद्र